भिंतीकडची लहान ओळ

३ मार्च, सोम.

परत आलो. परभणीला एका दिवसासाठी गेलतो, तिथं एकाच्या लग्नाचा मांडव घालायला माणूस कमी होता, मग राहिलो. पडेगावला खोलीवर आलो तर कपाट नाही. कपाटाच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन. बाकी भिंत पिवळी पडलीय हे आजच दिसलं.

दादा म्हणाला, "आलं का वादळ. व्हिसा आला आमचा."

म्हणजे जाणार. वर्षभर ऐकतोय की शमुवेल दादा आणि आशावहिनी टांझानियाला प्रभूच्या सेवेला जाणार. वहिनी तिथल्या मिशन हॉस्पिटलात नर्स. दादा हापसे आणि मोटारी दुरुस्त करणार, वाळूजच्या कंपनीत करतो तेच, आणि गावोगाव प्रार्थना घेणार. ऐकलं होतं, पण कपाट गेल्यावर कळलं.

वहिनी म्हणाली, "जेवले का भाऊजी?" मी कुठं होतो ते आता कोणी विचारत नाही.

५ मार्च, बुध.

राखेचा बुधवार. लेंत, म्हणजे उपासाचे दिवस, सुरू. वहिनी दरसाल ईस्टरपर्यंत चहा सोडते. दादा गोड सोडतो. उपासनेनंतर पास्टरांनी विचारलं, "अमोल, तू काय सोडणार या वर्षी?"

दादा मधेच म्हणाला, "तो दर महिन्याला शहर सोडतो, अजून काय पाहिजे?"

लई हसले सगळे. मी पण हसलो. नंतर सायकल काढून दौलताबादच्या रस्त्यानं उगाच लांब गेलो. किल्ल्याच्या पायथ्याला एक जण गाढवाचा फोटो काढत होता, त्याच्याशी गप्पा. गाढव कुंभाराचं होतं. गाढवाचं नाव मुन्ना. कशावरून निघालो होतो ते विसरलो.

८ मार्च, शनि.

जोसेफ आला. टांझानियाचा आहे, इथं विद्यापीठात शिकतो. दर शनिवारी दादा-वहिनीला स्वाहिली शिकवतो आणि वहिनी त्याला जेवूनच पाठवते. ठेचा खातो, डोळ्याला धारा लागतात, पुन्हा ताट पुढं करतो.

मी दारात बसून ऐकतो. पुस्तक म्हणजे किताबु. दुकान म्हणजे दुका. वेळ म्हणजे वकाती. जग म्हणजे दुनिया. कसं काय विचारायचं तर "हबारी गानी?" म्हणजे काय खबर! मी म्हटलं ही तर आपल्या शहागंजची उर्दू बोली झाली. जोसेफ हसला. त्यानं मला चार-पाच वाक्यं विचारली, मी फाडफाड दिली. दादा अजून पहिल्या पानावर, घाम पुसतोय.

जोसेफ म्हणाला, "ये भाई भी आ रहा है ना?"

दादा म्हणाला, "नाय नाय, वो इधरही."

इधरही. बरं.

१५ मार्च, शनि.

काल धुळवड, कानातून अजून रंग निघतोय. जोसेफच्या शर्टाला पण लागला, खुश होता.

आज वहिनीनं त्याला घर, पाणी, औषध, दुखणं, बाळंतीण असे शब्द विचारले. वहीत लिहीत होती. मग पेन थांबवून विचारलं, "कबर को क्या बोलते?"

"काबुरी."

कुकरची शिट्टी झाली. दादा उठून बघायला गेला, खरं तर भात आधीच झाला होता. जोसेफला काय कळलं काय माहीत, पण निघताना वहिनीपुढं वाकून म्हणाला, "पोले साना." दुःखातल्या माणसाला त्यांच्याकडं म्हणतात तसं. आपल्याकडं याला शब्द नाही. आपण नुसते गप्प बसतो.

१७ मार्च, सोम.

नळाला पाणी येणार म्हणून गल्लीतले सगळे हंडे लावून बसलेले. वहिनी आणि मी पायरीवर. दादा कंपनीत.

"भाऊजी, एक मागू का?"

मला वाटलं, म्हणेल हंडा उचला.

म्हणाली, "मी यांना तोंडानं व्हय म्हटलंय. मनातून अजून व्हय म्हटलेलं नाय. करुणा इथं एकटी राहते."

करुणा त्यांची मुलगी. दोन पावसाळ्यांमागं झाली, थोडे दिवस राहिली. दवाखान्यातच पास्टरांनी बाप्तिस्मा दिला आणि नाव ठेवलं. मी तेव्हा सुरतला होतो. आलो तोवर सगळं झालं होतं. दादा एकदा कबरस्तानात घेऊन गेला, पाऊस होता, छत्री एक, दहा मिनिटं थांबलो असू.

वहिनी म्हणाली, "दर ईस्टरला आपलं माणूस पाहिजे तिच्यापाशी. आधी गवत काढायला, चुना द्यायला. पहाटे सगळ्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लागतात. तिच्यावर नसली तर... मला तिकडं काम होणार नाय. माझ्या माहेरी कोणी उरलं नाय. यांच्या बाजूनं तुम्हीच."

मी हंडा सरळ केला.

"इथंच राहा म्हणत नाय मी. ईस्टरला तेवढं असा. पण तुम्ही कुठं असाल ते तुम्हालाच माहीत नसतं."

"बघू," म्हटलं.

मी सगळ्यांना बघूच म्हणतो. तिला माहीत आहे. तेवढ्यात पाणी आलं, सगळे ओरडत उठले, तिचा हंडा भरून दिला, आपला बोलायचा विषय वाहून गेला.

२० मार्च, गुरु. पाचोड.

काल मुकुंदवाडीला एकाचा चार्जर द्यायला गेलो. स्टेशनात गाडी उभी होती. उभी गाडी दिसली की मला काय होतं कळत नाही. बसलो. जालना. तिथून यष्टीनं इकडं, कारण एक ओळखीचा बकऱ्या विकायला येणार होता. तो आलाच नाही.

फोन बंद ठेवलाय.

२२ मार्च, शनि.

मेंढ्यांवाल्यांबरोबर चाललोय. नवरा-बायको, दोन घोडी, कोंबड्या घोड्यावर टांगलेल्या. नवऱ्याचा पाय मुरगळलाय म्हणून मला मागची बाजू सांभाळायला दिलीय. मेंढ्या माझं ऐकत नाहीत, कुत्रं पण नाही. बाई म्हणते, "शाळा शिकलेला हाय म्हणून हसतंय ते." मी म्हटलं, नववी नापास. म्हणाली, "मंग तर ऐकाया पायजे त्यानं."

दुपारी एका चिंचेखाली बाईनं चाल थांबवली. बांधाकडं एक दगड होता. तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यावर ठेवला, पदरानं दगड पुसला.

मी विचारलं, देव का?

"लेकरू हाय आमचं तिथं. वाटंवर गेलं, वाटंवरच ठिवलं." मग मेंढ्यांना हाळी दिली आणि चालायला लागली. दरसाल याच वाटेनं जातात म्हणे.

आज शनिवार. जोसेफ आला असेल. माझ्या वाटचा ठेचा त्यानंच खाल्ला असेल.

२७ मार्च, गुरु.

घरी. आता पलंग पण नाही. मोठी पातेली चर्चला दिली, संडे स्कूलच्या जेवणाला. खोलीत बोललं की आवाज परत येतो.

दादा दारातच, "ती तुझ्या भरवशावर निघाली होती रे अम्या. मी तिला सांगितलं, सोड त्याचा नाद."

वहिनी आतून, "जेवू द्या आधी."

दादानं चिडून भाकरी वाढली. दोन वाढल्या. चिडला की जास्तच वाढतो.

सगळं बरोबर आहे त्याचं. पण मला एकदा पण कोणी चल म्हणालं नाही. म्हटलं असतं तरी गेलो असतो का, माहीत नाही. पासपोर्ट पण नाही आपल्याकडं. पण म्हणायला काय...

३१ मार्च, सोम.

ईद. सलीमकडं शीरखुर्मा. त्याचा ट्रक आहे, महिना दीड महिन्यानं केरळची लांबची भाडी सुरू होतील. क्लीनर पाहिजे. म्हणाला, "तेरे लिये जगा रखी है, समंदर दिखाता चल." व्हय म्हटलं. लगेच. याला बघू म्हणालो नाही, हे घरी येताना लक्षात आलं.

९ एप्रिल, बुध.

दोघं आज पुण्याला गेले, जाणाऱ्यांचं शेवटचं प्रशिक्षण आहे. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, सकाळी परत येणार. वहिनीनं जाताना कोपऱ्यात बादली ठेवली, त्यात चुना, नीळ, मीठ, नवा कुंचा.

"नीळ चिमूटभरच. मिठानं चुना धरून राहतो. सांगायची गरज नाय, पण सांगते. भिंतीकडची लहान ओळ, लिंबाखाली. माहितीये ना?"

"माहितीये."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी बादलीकडं.

तेव्हाच विचारायचं होतं. पण कोणत्या तोंडानं विचारणार, माझी पुतणी नेमकी कुठंय म्हणून.

१३ एप्रिल, रवि.

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. मिरवणुकीत मागं होतो. लहान पोरं झावळीनं एकमेकांना मारत होती, त्यात मला पण बसली एक. घरी आलो तर घरात मीच. झावळी दाराला लावली. दोघं असले की बोलत नाही मी फार, नसले की भिंतीशी बोलतो.

१६ एप्रिल, बुध.

केलं काम. चुना काल रात्रीच भिजवला होता. सकाळी सायकलला बादली अडकवून कबरस्तानात. बरीच माणसं आलेली, आपापल्या कबरी साफ करत होती. एकीकडं चहा, एकीकडं भांडण, कोणाच्या गवताची पेंडी कोणाच्या कबरीवर टाकली म्हणून.

भिंतीकडं लहान कबरींची ओळ सापडली. लिंब दोन आहेत. हे आठवत नव्हतं. पहिल्या लिंबाखाली एक, विटांची कड असलेली, फार पडलेली. बाकीच्यांवर नावं होती. हिच्यावर नाव नव्हतं. दादानं ओल्या सिमेंटात खिळ्यानं लिहिलं होतं, पावसानं गेलं असेल. हीच.

मन लावून केलं. गवत मुळासकट, विटा सरळ, तीन हात चुना. एकदा पण उठून कोणाशी बोलायला गेलो नाही. शेवटी बसून राहिलो तिच्याजवळ. म्हटलं, मी काका. सुरतला होतो. एवढंच बोललो, मोठ्यानं नाही.

चुन्यानं बोटं फाटली. मीठ लागून झोंबतायत. बरं वाटतंय.

१८ एप्रिल, शुक्र.

उत्तम शुक्रवार. दोघं सकाळी आले, आंघोळी करून तसेच उपासनेला. दुपारभर येशूचे वधस्तंभावरचे सात शब्द. ऊन असं की पंख्याखाली पण रुमाल पिळावा.

बाहेर आल्यावर वहिनी, "झालं का?"

"झालं."

"बसला का चुना?"

"झकास."

तिनं माझी बोटं बघितली. घरी गेल्यावर खोबरेल दिलं. दादा पण आज मला अम्या नाही, अमोल म्हणाला. जेवताना वहिनी त्याला म्हणत होती की सुटकेसमध्ये अजून एक चादर बसेल का. म्हणजे मनातून पण निघाली आता.

२० एप्रिल, रवि.

ईस्टर. लिहावं का नाही.

पहाटे अंधारात सगळे कबरस्तानात. गाणी, ढोलकी, सगळीकडं मेणबत्त्या. मी पुढं चालत होतो, दाखवायला. पांढरी दिसत होती लांबून. मागं वळलो तर वहिनी माझ्या मागं नाही. ती त्या पांढऱ्या कबरीच्या बाजूनं सरळ पुढं गेली, दुसऱ्या लिंबाकडं. तिथं गवत होतं गुडघाभर. खाली बसली आणि हातानं उपटायला लागली. मागच्या पावसात वरची माती वाहून आलेली, सिमेंटची फरशी तिच्याखाली गेलेली. तिनं माती खरवडली. खिळ्यानं लिहिलेलं 'करुणा' निघालं. पुसट.

दादा माझ्याकडं बघत होता. "साधी एक कबर..." एवढंच म्हणाला.

मी पण बसलो गवत काढायला. वहिनीनं माझा हात बाजूला केला नाही, जवळ पण घेतला नाही. मेणबत्ती मातीत उभी राहीना. मी धरून बसलो.

तेवढ्यात मागं रडण्याचा आवाज. मार्थामावशी. मिशनच्या वसतिगृहात आया होती, आता गुडघे गेलेत. किती वर्षं फाटकापाशीच बसून मेणबत्ती दुसऱ्याच्या हाती देते. यंदा भाच्यानं हाताला धरून आत आणली होती. ती त्या पांढऱ्या कबरीपाशी उभी.

"कोणी केलं गं हे? माझ्या लेकराला कोणी चुना दिला?"

मला तर पळून जावंसं वाटत होतं. भिंत बुटकीच आहे.

वहिनी मातीचे हात झटकत उठली. म्हणाली, "माझ्या दिरानं, मावशी."

मावशीनं माझे दोन्ही हात धरले. फाटलेली बोटं चाचपली तिनं. "देवानं पाठवलं रे तुला." मी म्हटलं, नाय मावशी, चुकून... वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं की पुढचं बोललो नाही.

२१ एप्रिल, सोम.

घरात एकच भांडं राहिलंय. त्याच्यात वहिनीनं चहा केला, लेंत संपल्यावरचा. बशीत ओतून प्यायली, डोळे मिटून. मग एकदम हसायला लागली. किती दिवसांनी. चहा सांडला.

"एक सांगितली होती भाऊजी. दोन करून आलात."

दादा, "दोन कुठं केल्या? एकच केली, तीही दुसऱ्याची."

"तुम्ही नाव नीट लिहिलं असतं तर? खिळ्यानं लिहितात का? दुसऱ्याचे हापसे दुरुस्त करायला निघालेत."

दादानं डोकं खाजवलं. मग तो पण हसला. मी हसलो नाही. मला अजून ते गवत दिसतं.

मग ती हळू म्हणाली, "पण आता दोन आहेत बरं का. मावशीचं कोणी नाय."

विचारलं नाही तिनं. नुसतं सांगितलं. मी म्हणू शकलो असतो व्हय. बशीच्या कडेची मुंगी बघत बसलो.

२ मे, शुक्र.

गेले.

चर्चची बरीच माणसं आली होती. मुंबईपर्यंत गाडी केली होती, तिथून विमान. पास्टरांनी लांब प्रार्थना केली, ड्रायव्हरनं दोनदा घड्याळ बघितलं. दादा सगळ्यांना सलाम करत होता, माझ्यापाशी आला आणि माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मोकळंच असतं ते नेहमी.

वहिनी आधी कबरस्तानात जाऊन आली होती, एकटी. चपलेला माती होती. ती झटकू दिली नाही तिनं कोणाला.

गाडी निघाली तेव्हा मी खिडकीशी धावत म्हटलं, "क्वाहेरी या कुओनाना."

दादा, "काय म्हणाला रे?"

पुन्हा भेटेपर्यंत, असा त्याचा अर्थ आहे. सांगायला वेळ नव्हता. वहिनीला कळलं असावं. तिनं तोंड फिरवलं.

४ मे, रवि.

खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे. चटई, बादली, कुंचा, मी. भिंतीवर पलंगाचा चौकोन, कपाटाचा, घड्याळाचा गोल. त्यांचीच जागा जास्त आहे अजून.

चर्चला गेलो. आमच्या बाकावर दुसरे बसलेले. मागं उभा राहिलो. पोहोचल्याचा फोन आला, आवाज तुटत होता. वहिनीनं विचारलं, "जेवले का भाऊजी?" म्हटलं व्हय. कबरीचं काही विचारलं नाही. मी पण नाही.

जोसेफ परवाच परीक्षा देऊन त्याच्या देशी गेला. शनिवार मोकळा.

६ मे, मंगळ.

वळवाचा पाऊस येऊन गेला जोरात. कबरस्तानात जाऊन बघितलं. करुणाच्या फरशीवर पुन्हा माती. एकाच पावसात. पावसाळा लागला की काय राहणार.

चौकातल्या मिस्त्रीला विचारलं. म्हणाला, आधी वीटकाम करून उंच घे, मग वर सिमेंट.

७ मे, बुध.

मिस्त्रीनं उरलेलं सिमेंट दिलं. थापी त्याचीच. दोन्ही कबरी उंच केल्या. मार्थामावशीला रिक्षानं घेऊन गेलो, आता माझ्याकडं तिचा दर दोन दिवसांनी डबा येतो, नाही म्हणून चालत नाही.

सिमेंट ओलं असताना लिहायचं. खिळ्यानं नाही, थापीच्या टोकानं, खोल. 'करुणा'. ण बरा आला.

मावशीला विचारलं, "तुमच्या लेकराच्या कबरीवर काय लिहू? नाव काय होतं?"

"नाव ठेवायच्या आधीच गेला." मग म्हणाली, "माझं लिही. मार्थाचा, एवढंच लिही."

लिहिलं. मावशी म्हणाली अक्षर डॉक्टरासारखं आहे. म्हटलं, नववी नापास. म्हणाली, "डॉक्टर पण असतील कोणी."

मिस्त्रीनं बजावलंय, या उन्हात रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, नाहीतर तडकेल. एकदा तडकलं की अक्षरं पहिली जातात.

९ मे, शुक्र.

कबरस्तानातली टाकी कोरडी. नळाला पाणी कधी येईल कोणाला माहीत नाही. पडेगावहून सायकलला कॅन बांधून नेतो. रस्त्यात मुन्ना गाढव दिसलं, थांबलो नाही. परत येताना थांबलो.

संध्याकाळी सलीमचा फोन. मागं ट्रकचं हॉर्न.

"कहाँ है रे? माल भर गया. सुबह निकलना है. मुकुंदवाडी फाटक पे खड़ा रह, वहीं से उठाता तेरेकू."

म्हटलं, "सिमेंट को पानी मारना है यार."

"क्या?"

"पानी. सिमेंट को. दो टाईम."

"घर बांध रहा क्या तू? कितने दिन मारना है?"

कोपऱ्यात कुंचा वाळून ताठ झालेला, त्याला चुना तसाच. धुवायचा राहिला होता.

"अरे बोल. आता है क्या नहीं?"

"बघू," म्हटलं.

फोन कानाला धरूनच कॅन नळाखाली लावला. बारीक धार येत होती.